अंधार मिळेना! रीफ टँकमधले चमकणारे वर्म ओळखताना

रीफ टँकचा, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचा, लाइट बंद झाल्यावर आतल्या रॉकच्या वर एक हिरवा ठिपका गोल गोल फिरतो आणि काही सेकंदांत विझतो. हा चमकणारा वर्म (समुद्री किडा) कोणता, हे ओळखणं एका रात्रीचं काम. मला अकरा रात्री लागल्या, त्यातल्या नऊ नुसता अंधार करण्यात गेल्या.

पहिला गुन्हेगार टँकचाच 'मूनलाइट' मोड. एक टक्का निळ्या उजेडातही कोरल चमकतात, पण तो फ्लुरोसन्स, म्हणजे बाहेरचा उजेड शोषून दुसऱ्या रंगात परत टाकणं. निळा उजेड गेला की तोही जातो. स्वतःचा प्रकाश पाडणारा प्राणी फक्त मिट्ट काळोखात कळतो. म्हणून मोड बदलत बसू नका, सरळ लाइटचा प्लग काढा. मग वेव्हमेकरच्या (पाण्यात लाटा करणाऱ्या पंपाच्या) कंट्रोलरचा निळा दिवा, हीटरचा लाल, इन्व्हर्टरचा हिरवा. हा शेवटचा काचेत असा काही दिसतो की दोन रात्री मी त्यालाच वर्म समजत होतो. सगळ्यांवर काळी इन्सुलेशन टेप, खिडकीला दुहेरी चादर. डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मधेच मोबाइल पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. घरात कुणीतरी फ्रिज उघडतंच!

पकडणं त्यामानाने सोपं. वेव्हमेकर आणि पाणी टँकमध्ये परत आणणारा रिटर्न पंप बंद, पिपेटचं तोंड कापून चार-पाच मिलिमीटर रुंद केलेलं. ठिपका पेटलेला असतानाच ओढायचा. पांढऱ्या वाटीत टँकचंच पाणी घ्या, नळाच्या पाण्यात तो लगेच मरतो. भिंगातून डोक्यावर तीन स्पर्शिका, मण्यांच्या माळेसारखे बाजूचे तंतू आणि अंगातून दिसणारं पिंपासारखं स्नायूचं जठर दिसलं, की तो सिलिड, म्हणजे समुद्री वर्मांच्या सिलिड कुळातला. पोहणारे हे प्रजननासाठी बाहेर पडलेले असतात. याच कुळातला बर्म्युडाचा ओडोंटोसिलिस उन्हाळ्यात पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन रात्री, सूर्यास्तानंतर सुमारे पंचावन्न मिनिटांनी वर येतो. मादी चमकत गोल फिरते, नर तिच्याकडे धावतात. टँकमधला सूर्यास्त म्हणजे टायमर, तेव्हा लाइट गेल्यापासूनची मिनिटं लिहून ठेवा. हे मी पहिल्या रात्रीपासून करायला हवं होतं.

ठिपका पोहत नसेल तर ओळख वेगळी. डिवचल्यावर रॉकच्या फटीत लखलखणारा बहुधा स्केल वर्म (पाठीवर खवले असलेला वर्म), त्याचे गळलेले खवलेही चमकतात. स्वतःच्या नळीत राहून निळा चमकणारा चिकट स्राव सोडणारा वर्म म्हणजे कीटोप्टेरस.

दुकानदाराने मला जनावरांचं जंतनाशक टाकायला सांगितलं होतं. टाकू नका. रॉकमधले सगळेच वर्म मरतात, आत कुजतात आणि अमोनिया चढतो. चमकणारे सिलिड कोरलला त्रास देताना मला तरी दिसलेले नाहीत.

आणि हो, पंप बंद केल्यावर ते पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावा, स्क्रीन पालथी ठेवून.