इंजिन बसलं दोन दिवसांत

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता. कळमेश्वरहून नागपूरला येताना आमच्या बोलेरो पिकअपच्या रेडिएटरचा पाइप फुटला. ड्रायव्हर पोरगा म्हणे, "गरमीचा काटा लाल झाला होता, पण थोडंच तर राहिलं होतं." त्या थोड्यात इंजिन जाम झालं.

वाडीच्या गॅरेजात मिस्त्रीने हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उघडलं. हेड वाकलेलं होतंच, वर दोन सिलिंडरच्या मधोमध ब्लॉकला केसाएवढी चीर. "याच्यात पैसा नका टाकू भाऊ, दुसरं इंजिन पाहा."

माझ्या डोक्यात आलं, बदलायचंच आहे तर नव्या मॉडेलचं कॉमन रेलवालं, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने डिझेल सोडणारं, टाकू. सीसी तर तेच, 2523. मिस्त्री हसला. आपल्या जुन्या डीआय इंजिनला मेकॅनिकल पंप, अ‍ॅक्सिलरेटरला साधी केबल. कॉमन रेल म्हटलं की ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, अख्खी वायरिंग आणि पेडलसुद्धा वेगळं. शिवाय आरसीवर जे आहे त्यापेक्षा निराळं काही बसवलं तर आरटीओत काय सांगणार? म्हणून त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन शोधायचं ठरलं.

कामठी रोडकडे एका भंगारवाल्याने स्वस्तात एक दाखवलं. नंबराची जागा ग्राइंडरने घासलेली. "नंबर काहून पाहता, इंजिन पाहा ना!" आम्ही तसेच माघारी फिरलो.

दुसरीकडचं इंजिन अपघातातल्या गाडीचं होतं, सोबत जुन्या आरसीची झेरॉक्स. मिस्त्रीने ते दोन टायरांवर ठेवलं, बॅटरी लावली, डिझेलची बाटली वर टांगली आणि तिथेच चालू केलं. ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला. तिथून भसाभस धूर आला तर रिंगा गेल्या समजायच्या. हाताला नुसती ऊब लागली. 48 हजारांत सौदा झाला. नंबर चोरीच्या गाड्यांच्या यादीत नाही, हेही ऑनलाइन तपासलं. आरटीओत अर्ज टाकला.

बसवायला खरंच दोन दिवस लागले. चेनकुप्पीने जुनं वर, नवं खाली. इंजिन बाहेर आहे तोवर क्लच प्लेट, मागचं ऑइल सील, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट बदलून घेतले. नंतर क्लच प्लेट आणि मागच्या सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये जाईना, तेव्हा मात्र कूलरसमोर उभं राहूनही चौघांचा घाम निघाला.

मग फिल्टरवरचा हातपंप मारून डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, नोझलच्या नटांतून डिझेलचा फेस थांबेपर्यंत. चालू झालं. मी खुशीत गाडी आवारात फिरवायला घेतली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं. भिंतीच्या हातभर आधी हँडब्रेकने थांबलो. आल्टरनेटरच्या मागे ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप असतो, त्याचा पाइप लावायचाच राहिला होता. मिस्त्री म्हणे, "पोट्टं विसरलं." पोट्टं म्हणे, उस्तादच विसरले.

खरी परीक्षा पुढे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे बदल केल्यावर 14 दिवसांत कळवावं लागतं. आठव्या दिवशी गाडी तपासणीला नेली. साहेबांनी मोबाइलचा टॉर्च मारला, ब्लॉकवरचा नंबर वाचला, बिल पाहिलं, पुन्हा वाकून वाचला. "हे तीन आहे का आठ?" बिलावर तीन, ब्लॉकवर आठ. मी चोरीची यादी तपासली ती झेरॉक्सवरच्या नंबराने. बिलावरचा आकडा कोणी पाहतो का! फाइल परत.

ज्याच्याकडून इंजिन घेतलं तो भंगारवाला आधी दुरुस्त बिल द्यायलाच तयार नव्हता, मग चार दिवस "उद्या या" म्हणून राहिला. शेवटी मिस्त्रीने रॉकेलने जागा पुसली, कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. आठच होता, दोन्ही पोटं बंद. ती प्रिंट त्याच्या टेबलावर ठेवली तेव्हा कुठे नवं बिल मिळालं.

चौदाव्या दिवशी फाइल घेतली गेली. आरसीवर नवा नंबर चढला, मग इन्शुरन्सवालाही त्याची प्रत घेऊन गप्प बसला. तोवर मृग लागला होता आणि खताच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या.

आता काटा अर्ध्यावर आला तरी ड्रायव्हर पोरगा झाडाखाली गाडी उभी करतो आणि मला फोन लावतो. अर्धा म्हणजे नॉर्मल, हे त्याला तीनदा सांगून झालं.