आमची वाटचाल : छापखाना आणि आजीची वही

पाटीवर नाव आजोबांचे आहे, पण छापखाना चालवला आजीने. आजोबांनी 1951 साली एक जुने ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईचे यंत्र, घेऊन काम सुरू केले आणि 1963 मध्ये ते गेले. आजी त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे होती. 2022 साली 93व्या वर्षी गेली.

आजोबा गेल्यावर नातेवाइकांचा सल्ला एकच होता : यंत्र विकून टाक, जागा भाड्याने दे. आजीने ऐकून घेतले आणि स्वतःच्या मनाचे केले. 1867 च्या कायद्याप्रमाणे छापखाना ज्याच्या ताब्यात असेल त्याला मॅजिस्ट्रेटसमोर तसे लिहून द्यावे लागे. ती जाऊन लिहून देऊन आली. छापलेल्या पुस्तकावर मुद्रकाचे नाव घालणेही त्याच कायद्याने बंधनकारक होते. त्यामुळे सातवी शिकलेल्या बाईचे नाव पुढे कित्येक प्राध्यापकांच्या पुस्तकांवर छापले गेले. याची तिला गंमत वाटायची, अभिमान कितपत वाटायचा कोण जाणे.

खिळे, म्हणजे छपाईची धातूची उलटी अक्षरे, जुळवायला तिला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. बघून बघूनच आले. देवनागरीचे काम किचकट. अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने-मात्रा, रफार, सगळ्यांना वेगळे खण लागायचे. छापून झाल्यावर खिळे आपापल्या खणात परत टाकताना ‘घ’ मध्ये ‘ध’ पडला, तर पुढच्या जुळाऱ्याने डोळे झाकून उचललेला शब्द चुकायचाच. आजी जुळवलेला मजकूर उलटाच वाचायची, तोही आम्ही सुलटा वाचतो त्यापेक्षा भरभर. प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, काढण्याआधीच तिचे बोट चुकीच्या खिळ्यावर असायचे.

तिचा हात सैल होता, हे सगळे सांगतात. वसुलीला ती किती कडक होती, हे फक्त घरातल्यांना माहीत. उधारीच्या वहीत पुढच्या पानांवर येणे लिहिलेले असायचे आणि वही उलटी केली की मागून ‘सोडलेले’. पैसे थकले की ती माणसाला समोर बसवून सरळ विचारायची, “देणार असाल तर तारीख सांगा. नसेल जमत तर तसं सांगा, मी आत्ता सोडते.” नाही म्हटले की पुढच्या पानावर आडवी रेघ आणि मागच्या पानावर नाव, काम, रक्कम. मग त्या पैशांचा विषय घरातही काढायचा नाही. त्या माणसाचे पुढचे काम मात्र आगाऊ पैसे घेतल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. तारीख देऊन न पाळणाऱ्याच्या दारात ती स्वतः जाऊन उभी राहायची.

मागची पानेही दर वर्षाला मोजकीच. ती भरली की “यंदाची पानं संपली” असे सांगून मोकळी. धंद्याला झेपेल तेवढेच सोडायचे, हे तिचे गणित होते. आमच्या ओळखीतले काही छापखाने उधारीने बसले. त्यांच्याकडे येणे भरपूर होते, पण कोणते येणार आणि कोणते बुडाले हे कधी ठरवलेलेच नव्हते.

एका बाबतीत माझे तिच्याशी आजही पटत नाही. नव्वदच्या दशकात आम्ही ऑफसेटवर, म्हणजे खिळ्यांऐवजी प्लेटवरून होणाऱ्या छपाईवर, गेलो आणि खिळ्यांच्या खणांच्या पेट्या रिकाम्या करायची वेळ आली. खिळे म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील. वजनावर विकले जातात. आजीने त्यातले बरेचसे जुळाऱ्यांना देऊन टाकले, ज्यांना स्वतःचा छोटा छापखाना काढायचा होता त्यांना. त्यातल्याच एकाने पुढे आमचे प्रश्नपत्रिकांचे काम नेले. वडील चिडले. आजीचे म्हणणे, काम नेले ते दर्जावर नेले. ते खरेही होते, पण म्हणून खिळे फुकट द्यायला हवे होते असे मला वाटत नाही.

जे जुळारी आमच्याकडेच राहिले त्यांच्याबाबत तिचा निर्णय अचूक ठरला. दोघे डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणे, शिकले. तिसऱ्याचे बोट कीबोर्डवर काही चालेना, त्याला तिने मुद्रितशोधनाला बसवले. आयुष्यभर उलटी अक्षरे वाचलेला डोळा. त्याच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकात चूक सापडणे मुश्कील असे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि वहीची पद्धत अडली. बिल फाडले की कर भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तरी तो परत मिळत नाही. म्हणजे नंतर सोडायचे तर कामाचे पैसे जातातच, वर कर पदरचा. बिलातच सूट दाखवली तर कर उरलेल्या रकमेवर लागतो. हे आजीला समजावून सांगताना मी बराच वेळ घेतला. ती तेव्हा 88 वर्षांची. म्हणाली, “म्हणजे सोडायचं ते आधीच ठरवायचं. मग आधीच ठरवा.” तेव्हापासून तसेच चालू आहे.

भागीदारीतही तिने पुढचे बघून ठेवले होते. करारात वेगळे ठरलेले नसेल, तर एक भागीदार गेला की 1932 च्या कायद्याने संस्थाच विसर्जित होते. आमच्या करारात संस्था चालूच राहील असे कलम तिने आग्रहाने घालून घेतले, आणि ताईला माझ्याइतकाच हिस्सा हेही. ती गेल्यावर त्यामुळे काम एक दिवसही अडले नाही.

आता एप्रिलमध्ये ताई आणि मी बसून वर्षभरात बिलांत किती सूट द्यायची तो आकडा ठरवतो. गेल्या वर्षी तो नोव्हेंबरातच संपला. डिसेंबरात एक तरुण कवितांची वही घेऊन आला, त्याला एप्रिलमध्ये ये म्हणून सांगितले. तो आला. पुस्तक सध्या दुसऱ्या प्रुफाला आहे.