तुम्ही विचारलंत म्हणून: घरचं बी ठेवलं तर केस होते का?

जून जवळ आला की एकच प्रश्न सुरू होतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात, बार्शीला बियाणांच्या दुकानापुढं, फोनवर. "घरचं बी पेरलं तर कंपनी केस करते म्हणे?" नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग गुजरातेत बटाटेवाल्यांवर कशी केली?" तोंडी सांगून थकलो, म्हणून एकदाच लिहितो.

सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी यांचं घरचं बी ठेवा, पेरा, पाहुण्याला द्या, विका. २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, कलम ३९ काढून वाचा. नोंदणी झालेल्या वाणाचंही बी शेतकऱ्याला ठेवता येतं आणि विकता येतं. त्या संरक्षित वाणाचं नाव छापलेल्या पिशवीत भरून, ब्रँड करून तेवढं विकायचं नाही.

केसची काळजी करण्यापेक्षा उगवणीची करा. सोयाबीनचं बी मळणीच्या ड्रममध्येच मरतं. टरफल पातळ आणि अंकुर त्याला अगदी लागून. बी सुकलेलं असताना ड्रमचे फेरे मिनिटाला चारशेच्या वर गेले की दाणा वरून चकचकीत दिसतो आणि आत फुटलेला असतो. पोतं उंचावरून आदळलं तरी तेच. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवड्याभरात सत्तर चांगले कोंब निघाले तर एकरी तीस किलो पुरतं. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा. साठच्याही खाली गेलं तर ते बी पेरू नका, सरळ धान्य म्हणून विकून टाका.

आता ते बटाटे. २०१९ च्या एप्रिलमध्ये पेप्सिकोनं साबरकांठ्यातल्या चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या व्यापारी न्यायालयात दावे लावले. वाण एफसी-५, वेफर्सचा, पाण्याचा अंश कमी असलेला. कंपनीनं तो २०१६ साली नोंदवलेला. एकेका शेतकऱ्याकडं मागितली एक कोटीच्या वर भरपाई! कोर्टानं शेतकऱ्यांची बाजू ऐकायच्या आतच मनाई हुकूम दिला. मग कंपनीनं तडजोड पुढं केली: आमचंच बियाणं घ्या आणि माल आम्हालाच द्या, नाहीतर हा वाण लावणं सोडा. लोकसभेची निवडणूक चालू होती, देशभर ओरड झाली, मे महिन्यात दावे मागं घेतले गेले. पुढं शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांनी नोंदणीच रद्द करा म्हणून अर्ज केला. वाण २००९ पासून विक्रीत होता आणि अर्जात 'नवा' म्हणून दाखवला होता, हा त्यातला एक मुद्दा. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदणी रद्द झाली. जुलै २०२३ मध्ये कंपनी दिल्ली हायकोर्टात एका न्यायमूर्तींपुढं हरली आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठापुढं जिंकली.

ह्या बटाट्यात बाहेरून घातलेलं जनुक नाही. पेटंटही नाही. साधा निवडून केलेला वाण आणि त्याची नोंदणी, बस. तरी जीएमच्या, म्हणजे बाहेरून जनुक घातलेल्या पिकांच्या, प्रत्येक वादात हाच बटाटा पुढं केला जातो, आणि मी वैतागतो.

पण वैतागानं उत्तर होत नाही. मनाई हुकूम निघाला त्या दिवशीही कलम ३९ पुस्तकात होतंच. कायद्यानं केस टिकत नाही ही एक गोष्ट, आणि केस होतच नाही ही दुसरी. तुम्ही 'होते का' विचारता आणि मी 'टिकत नाही' असं सांगून मोकळा होतो. एक कोटीचा कागद दारात आल्यावर कलमाचा आकडा पाठ असून काय उपयोग? इथं तुमचं बरोबर आहे.

"मालदांडीचं पेटंट कुणाकडं?" कुणाकडंही नाही. एम ३५-१ हा मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला सरकारी वाण. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, सोलापुरी चादरीला आहे तसंच. तो हक्क नावावरचा. बियाला त्यानं कुलूप लागत नाही.

कुलूप खरं कपाशीला आहे. ते संकराचं कुलूप. पेटंटचं असतं तर एक वेळ परवडलं असतं, असं मी आता म्हणतो. बीजी-२ या बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीत बाहेरून घातलेली दोन जनुकं, क्राय१एसी आणि क्राय२एबी. संकरित झाडात बहुधा दोन्हींची एकेकच प्रत असते, कारण ती एकाच पालकाकडून आलेली. अशा झाडाच्या बोंडातली सोळा सरक्या हिशेबाला घ्या. सरासरी नऊंमध्ये दोन्ही जनुकं, तिघींमध्ये पहिलंच, तिघींमध्ये दुसरंच, एकीत काहीच नाही. शिवाय झाडांची उंची, बोंडाचा आकार, धाग्याची लांबी, सगळं फुटून निघतं. वेचणी एका वेळी येत नाही आणि जिनवाला भाव पाडतो. कायदा ही सरकी पेरू देतो, पण पीकच हाती लागत नाही.

पूर्वी मी ठासून सांगायचो: जिवावर पेटंट म्हणजे पाप, विषय संपला. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ (जे) मला पाठ होतं. वनस्पती, प्राणी, बियाणं, वाण यांवर पेटंट नाही. त्याच कलमात सूक्ष्मजीवांना सूट आहे, ते मी हळू आवाजात सांगायचो. प्रयोगशाळेत जुळवलेल्या जनुकावर पेटंट चालतं, मग तेच जनुक कपाशीत बसल्यावर काय? एप्रिल २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं बीटी कपाशीचं जनुक आणणाऱ्या मॉन्सँटो कंपनीचं पेटंट मोडीत काढलं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल बाजूला सारून पुराव्यासह सुनावणी घ्या म्हणून प्रकरण परत पाठवलं. २०२१ मध्ये मॉन्सँटो आणि समोरच्या बियाणं कंपनीनं आपसात मिटवलं. म्हणजे उत्तर मिळालंच नाही.

ते पेटंट नोव्हेंबर २०१९ मध्ये संपलं. बीजी-२ च्या पाकिटाची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत त्या वर्षी ७३० रुपये, त्यात जनुकाचे २० रुपये. २०२० मध्ये जनुकाचे शून्य झाले, पाकीट मात्र ७३० लाच राहिलं. २०२५ मध्ये ९०१. पेटंटवाल्याला निदान कृती उघड करून द्यावी लागते आणि वीस वर्षांनी हक्क सोडावा लागतो. संकराचे नर-मादी वाण तिजोरीत ठेवणाऱ्याला मुदतच नाही. मग पाप कुणाचं मोठं? जुना मी म्हणेल, दोन्ही. त्याला उत्तर देताना मला अजून अडखळायला होतं, कारण घरी ठेवण्याजोगं चांगलं बी देणारी कृषी विद्यापीठं पैशाविना चालत नाहीत, आणि तो पैसा कुणी द्यायचा यावर आम्ही सगळेच गप्प.

चोरबीटीचं मात्र वेगळं आहे. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीला परवानगीच नाही. तिथं कारवाई सरकार करतं, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. पावती नसल्यानं न उगवल्यास भांडायलाही जागा नाही.

बाकी बियाणाची पहिल्या वर्षीची पावती आणि पिशवीवरचा टॅग फेकू नका. नोटीस आलीच तर तडजोडीच्या कागदावर सही करायच्या आधी तीत 'पेटंट' लिहिलंय की 'नोंदणीकृत वाण', एवढं वाचा आणि मग मला फोन करा.