कॉइल धुता येते, वात धुता येत नाही

माझा भाचा सहा वर्षांपासून लंडनमध्ये नोकरी करतो. अकरा वर्षे ओढलेली सिगारेट त्याने तिथे गेल्यावर सोडली आणि तिच्या जागी ई-सिगारेट धरली. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये एकदा वापरून टाकून द्यायच्या व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, विक्री बंद झाली, तेव्हा त्याने चार्ज होणारे आणि कॉइल, म्हणजे आतले द्रव तापवून त्याची वाफ करणारा भाग, बदलता येणारे उपकरण घेतले. पण दर दहा-बारा दिवसांनी एक कॉइल कचऱ्यात जाते, हे त्याच्या मनाला पटेना. मोडलेली वस्तू आधी उघडून पाहायची, हे आमच्या घरचे वळण. म्हणून त्याने मला इंदूरला फोन करून विचारले, "मामा, ही कॉइल धुऊन परत वापरता येईल का?" मी येथील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे काम केले आहे आणि तापणाऱ्या तारा हा माझ्या रोजच्या हाताळणीचा विषय होता.

ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवण यांवर भारतात २०१९च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे भाचा सुट्टीवर येताना ते उपकरण आणत नाही आणि मीही त्याची मागणी केली नाही. त्याने उघडलेली कॉइल व्हिडिओ कॉलवर भिंगाखाली धरून दाखवली, तिचा रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, मोजून सांगितला, आणि पुढचे सगळे आम्ही दोघांनी तीन रविवारी मिळून समजून घेतले.

कॉइल म्हणजे फक्त तार नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे लागते. तारेच्या वेटोळ्यात किंवा जाळीभोवती कापूस असतो; टाकीतले द्रव केशाकर्षणाने त्या कापसातून तारेपर्यंत चढते आणि तिथे त्याची वाफ होते. समईत तेल आणि वात यांचे जे नाते, तेच इथे द्रव आणि कापूस यांचे. समईतले तेल संपले की वातच जळू लागते, त्याचप्रमाणे द्रव वेळेवर पोहोचले नाही तर कापूस करपतो आणि तो करपलेला वास एकदा बसला की जात नाही. ब्रिटनमध्ये लोक ज्याला 'कॉइल खराब झाली' म्हणतात, तिथे तार बहुतेक वेळा शाबूत असते. गेलेली असते ती वात.

तारेवर जमणारा काळा थर कुठून येतो, हा पुढचा प्रश्न. द्रवात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते, त्यात निकोटिन आणि स्वाद मिसळलेले असतात. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. दोन्ही वाफ होऊन निघून जातात. मागे राहतात ते स्वादातले जड घटक आणि गोडीसाठी घातलेले सुक्रालोज. साखरेचा पाक कढईच्या बुडाला लागून काळा पडावा तसे ते तारेला चिकटते. भाच्याने आंब्याच्या स्वादाचे फार गोड द्रव सोडून बिनगोडीचे घेतले, तेव्हा तशीच कॉइल जवळपास दुप्पट दिवस चालली. धुण्याच्या सगळ्या खटाटोपापेक्षा या एका बदलाने अधिक साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळ्या थराकडे केवळ चवीचा प्रश्न म्हणून पाहू नये. थराखाली उष्णता कोंडते, काही ठिकाणी तापमान वाजवीपेक्षा वर जाते, आणि अति तापलेल्या ग्लिसरिनपासून ॲक्रोलिन तयार होते. कढईतले तेल धुरावले की डोळ्यांना आणि घशाला जे झोंबते, त्यातही हेच ॲक्रोलिन असते. घसा झोंबला की ओढणे तत्काळ थांबवायचे, हे मी भाच्याकडून कबूल करून घेतले आहे.

कारखान्यात बंद करून आलेली कॉइल त्याने पहिल्या रविवारी गरम पाण्यात अर्धा तास भिजवली, मग धुण्यासाठी सर्जिकल स्पिरिट काढले. मी त्याला तिथेच थांबवले. ब्रिटनमध्ये त्या नावाने मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये एरंडेल तेल असते, आणि तेल कापसात मुरले की ते तापून फुप्फुसात जाणार. वापरायचेच तर शुद्ध इथेनॉल वापरावे, तेही ज्योतीपासून लांब, आणि नंतर कॉइल ऊर्ध्वपातित पाण्यात विसळावी. कारण लंडनचे पाणी चुनखडीचे आहे आणि आपल्याकडे बोअरच्या पाण्याने इमर्शन रॉडवर पांढरी पुटे चढतात, तोच क्षार तिथे कापसात बसेल. हे सारे करून त्याने कॉइल रात्रभर वाळवली, तरी आतला कापूस ओलाच राहिला होता. पहिल्या झुरक्याला पाण्याचे गरम थेंब तोंडात आले. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर ती चालली, पण तीनच दिवस, आणि मागच्या स्वादाची छाया शेवटपर्यंत गेली नाही. बंद कॉइल एकदा धुऊन पाहण्यास हरकत नाही. मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये, आणि कापूस एकदा करपला असेल तर ती धुण्याचे कारणच उरत नाही.

खरा पुनर्वापर शक्य होतो तो उघडता येणाऱ्या उपकरणात, जिथे तार स्क्रूने कसलेली असते आणि कापूस आपण हाताने भरतो. तिथे जुना कापूस चिमट्याने ओढून काढावा, हातमोजे घालून, कारण निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते. मग तारेला कमी शक्तीवर थोडा थोडा वेळ प्रवाह देऊन चिकटलेले जाळावे, थंड होऊ द्यावे, मऊ ब्रशने झाडावे, विसळावे, वाळवावे आणि नवा कापूस भरावा. मंद लाली आली की थांबावे. तार पांढरी होईपर्यंत तापवण्याची हौस धातूचे नुकसान करते. ही पद्धत कँथल, निक्रोम आणि स्टीलच्या तारांपुरतीच आहे. निकेल किंवा टायटॅनियमची तार कोरडी तापवू नये. कँथल हे लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचे मिश्रण. स्वीडनमधील हालस्टाहामर गावच्या हान्स फॉन कांट्झोव्ह यांच्या आडनावातून आणि गावाच्या नावातून ते नाव घडले. तापल्यावर त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूला राखतो, म्हणून घासताना तारेला पॉलिश पेपर लावू नये.

तार एकसारखी लाल होते का, हे अंधारात पाहावे. आमच्याकडे उघड्या स्प्रिंगचे विजेचे हीटर घरोघरी असत आणि तार तुटली की दोन टोके एकमेकांत अडकवून तो पुन्हा सुरू करण्याची पद्धत होती. जोडाच्या जागी तार अधिक लाल दिसे आणि काही दिवसांत तिथेच तुटे. शिवाय तार आखूड झाल्याने रोध कमी होऊन प्रवाह वाढे. लहान कॉइलमध्ये हेच सूक्ष्म प्रमाणात घडते. रोध ०.५ ओहम आणि दाब ४ व्होल्ट असेल तर प्रवाह ८ ॲम्पिअर आणि शक्ती ३२ वॅट होते, आणि हे सगळे खिशात ठेवायच्या लिथियम बॅटरीतून. घरात प्रवाह फार वाढला तर एमसीबी पडतो. या उपकरणात मात्र आतली चिप तेवढी आधाराला. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर रोध मोजावा, आणि पहिल्या आकड्यापासून तो दूर गेला असेल तर तार टाकून द्यावी. भाच्याची सध्याची तार ०.४८ ओहमवर आहे. चार वेळा धुऊनही तो आकडा हललेला नाही, कापूस मात्र तो दर आठवड्याला नवा भरतो, आणि जुना कापूस घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो, कारण त्याच्या घरात दोन वर्षांची मुलगी आहे.