गिरगावचा एक्सटी : अखेर २५६ के मोजले!

काल रात्री पावणेबाराला स्पीकरमधून एक बारीक बीप आली आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पडद्यावर रॅमचे किलोबाइट मोजणारे हिरवे आकडे चढत गेले, ६४, १२८, १९२, आणि २५६ वर येऊन थांबले. जूनपासून गप्प बसलेला माझ्या एक्सटीचा (चाळीसेक वर्षं जुना पीसी) बोर्ड बोलायला लागला. घरचे झोपले होते, नाहीतर ओरडलो असतो.

मागच्या नोंदीत थांबलो होतो तिथून सांगतो. १२ व्होल्टच्या लाइनवरचा शॉर्ट झालेला टँटलम कपॅसिटर काढल्यावर सप्लाय टिकायला लागला होता आणि पॉवर गुडही (सप्लाय ठीक असल्याचा सिग्नल) येत होता. क्लॉक बनवणाऱ्या ८२८४ आयसीच्या आठव्या पायावर क्लॉक अगदी स्वच्छ, ४.७७ मेगाहर्ट्झ. (नवीन आलेल्यांसाठी: हा अडनिडा आकडा १४.३१८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला ३ ने भागून येतो. आणि तो क्रिस्टल अमेरिकन रंगीत टीव्हीच्या ३.५७९५ च्या चौपट. एकाच क्रिस्टलवर प्रोसेसर आणि कलर कार्ड दोघांचं भागायचं.) इतकं सगळं ठीक, तरी पडदा काळा. डायग्नॉस्टिक रॉम (बोर्ड तपासणाऱ्या प्रोग्रामची चिप) बसवली तर पहिल्याच ६४ के मध्ये चुका, त्याही रोज वेगळ्या. आज दोन बिट, उद्या आठही. कोरड्या दुपारी क्वचित थोडं पुढे सरकायचं, सर पडून गेली की पुन्हा ठप्प.

मी सरळ रॅमवर संशय घेतला आणि त्यात तीन आठवडे गेले. पहिल्या बँकेतल्या (६४ के च्या गटातल्या) नऊच्या नऊ ४१६४ रॅम आयसी काढल्या (आठ डेटाच्या, नववी पॅरिटीची, म्हणजे चूक ओळखण्यासाठीची), सॉकेट बसवले, लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दहा आयसी आणल्या. त्यातल्या चारच चालल्या. उरलेल्यांवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा छापील नंबर निघून आला आणि खाली दुसराच दिसला. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: जुन्या आयसी घ्यायच्या तर पायांना सोल्डर लागलेल्या, बोर्डावरून उतरवलेल्याच घ्याव्यात. नव्याकोऱ्या चकचकीत दिसल्या की आधी बोळा फिरवायचा. चाललेल्या चार पहिल्या बँकेत घातल्या, बाकीच्या पाच दुसऱ्या बँकेतून काढून आणल्या, तरी चुका तशाच. खरं तर इशारा तिथेच मिळाला होता, मला तो ऐकू आला नाही.

तो ऐकवला दादरच्या काकांनी. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, आयसी बदलल्या तरी दुखणं तेच राहतंय, म्हणजे दुखणं आयसीत नाहीच. सगळ्या बँकांना जाणाऱ्या सामाईक वायरी बघ."

सामाईक म्हणजे अ‍ॅड्रेसच्या. ४१६४ मध्ये ६५,५३६ बिट असतात, त्यासाठी १६ अ‍ॅड्रेस लाइन लागतात, पण आयसीला पाय १६ आणि त्यात अ‍ॅड्रेसचे फक्त आठ. म्हणून पत्ता दोन हप्त्यांत जातो. आधी ओळ (तिचा सिग्नल रास, RAS), मग स्तंभ (त्याचा कास, CAS), दोन्ही त्याच आठ वायरींवरून. एक वायर गेली तर पत्त्यातले दोन अंक एकदम जातात आणि चार वेगवेगळे पत्ते एकाच घरात जाऊन पडतात.

हे तपासायला मी असेंब्लीत साठेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. रॅमच धड नाही तर स्टॅक (प्रोग्रामची रॅममधली तात्पुरती जागा) कुठला, म्हणून सगळं प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच. ०००० वर ५५ (हेक्साडेसिमल) लिहायचं, मग एकच अ‍ॅड्रेस लाइन वर करून त्या पत्त्यावर एए लिहायचं आणि परत ०००० वाचायचं. ५५ आलं तर वायर ठीक, एए आलं तर तुटलेली. उत्तर ८० नंबरच्या पोर्टवर टाकायचं, म्हणजे पोस्ट (POST) कार्डाच्या, तपासणीचे कोड दाखवणाऱ्या कार्डाच्या, दोन आकड्यांत दिसतं. तो एप्रॉममध्ये (प्रोग्राम साठवायच्या चिपमध्ये) भरला, चालू केलं. लाइन ० ला ५५. १ ला ५५. २, ३, ४, ५, ६, सगळीकडे ५५. आणि ७ ला एए! पुढे ८ पासून १४ पर्यंत परत ५५, आणि १५ ला एए. माझ्या बोर्डावर ७ आणि १५ एकाच वायरीने जातात. अंगावर काटा आला.

लॉजिक प्रोब घेतला. पत्त्याचे दोन हप्ते आळीपाळीने पाठवणारा मल्टिप्लेक्सर ७४एलएस१५८, त्याच्या आउटपुटला पल्स व्यवस्थित. तीच वायर जिथे पोचते त्या रॅमच्या नवव्या पायावर शांतता. मधे फक्त एक रेझिस्टर पॅक, १६ पायांचा, आयसीसारखाच दिसणारा. ३६ आयसींपर्यंत जाणाऱ्या लांब ट्रॅकवर सिग्नल उसळू नये म्हणून तो ठेवलेला असतो. मीटर लावला: सात रेझिस्टर ३३ ओहम, आठवा उघडा. भिंगाखाली पाहिलं तर एक पाय अंगाजवळच हिरवाकाळा होऊन तुटलेला. मुंबईची हवा चाळीस वर्षं त्याला खात होती. वायर लोंबकळती राहिली की तिच्यावर काय दिसेल ते ओलाव्यावर ठरतं, म्हणून चुका रोज वेगळ्या होत्या.

३३ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर वरून जोडला. बाकी तुम्हाला सांगितलंच.

आता पुढचं. ठरवलं होतं की रॅम लागली की लगेच सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्डाची हार्ड डिस्क बसवायची. पण हे लिहिताना डोक्यात दुसरंच आलं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जो टिफ्रॅक संगणक बनला, १९६० मध्ये सुरू झाला, त्याच्या फेराइट कोअर मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द होते. म्हणजे ८१,९२० बिट, माझ्या दोन ४१६४ पेक्षा कमी. आणि प्रत्येक बिट म्हणजे वायरीत ओवलेली एक कडी. दोन वायरींतून अर्धा अर्धा करंट सोडायचा, जिथे त्या एकमेकींना छेदतात तेवढीच कडी उलटते. वाचलं की बिट पुसतो, परत लिहावा लागतो, अगदी आपल्या डीरॅमसारखा (४१६४ त्यातलीच). पण वीज गेली तरी कडी विसरत नाही, आणि ४१६४ ला दर २ मिलिसेकंदांत सगळ्या ओळींची उजळणी लागते. ८ × ८ ची एक जाळी हाताने विणून या एक्सटीच्या पोर्टवरून चालवायची, असं आता मनावर घेतलंय. सीएफ कार्ड थांबेल. अडचण कड्यांची आहे: बाजारातले साधे फेराइट मणी चालणार नाहीत, चौकोनी हिस्टेरेसिसवालेच, म्हणजे अर्ध्या करंटला न हलणारे आणि पूर्ण करंटला झटक्यात उलटणारेच हवेत.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला चाललोय. कुणाकडे जुन्या कोअर किंवा ३३ ओहमचा आठ रेझिस्टरवाला पॅक पडून असेल तर त्याआधी सांगा. जोडलेला रेझिस्टर काम करतोय, पण बोर्डावर पॅकच हवा.