तुम्ही विचारलंत म्हणून: फोन एवढा फास्ट असताना पीडीपी-११ कशाला?

खिशातला फोन हजारो पट फास्ट आहे, मग पन्नास वर्षांपूर्वीची ती कपाटाएवढी मशीन चालू ठेवायला लोक एवढा जीव का टाकतात, आणि तुम्ही पण त्यात कशाला? भाच्यापासून ऑफिसातल्या नव्या पोरांपर्यंत सगळे मला हे विचारतात, आणि चहा संपला तरी माझं उत्तर संपत नाही, म्हणून आज लिहूनच टाकतो.

आधी मशीन कोणती ते सांगतो. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत १९५७ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही कंपनी सुरू झाली. त्यांचा पीडीपी-८ हा कंप्युटर १९६५ चा, पीडीपी-११ १९७० चा आणि व्हॅक्स १९७७ चा. तोवर बहुतेकांसाठी कंप्युटर म्हणजे खिडकीतून भोकं पाडलेली कार्डं आत द्यायची आणि नंतर कधीतरी कागद घ्यायला यायचं, या मिनीकंप्युटरनी माणसाला थेट मशीनसमोर बसवलं. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅम लिहायची सी भाषा पीडीपी-११ वर वाढल्या. आणि व्हॅक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम व्हीएमएस तर तुमच्या घरी पण येऊन गेलीय, कारण रेल्वेचं कंप्युटर रिझर्व्हेशन १९८० च्या दशकात व्हॅक्सवर सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं व्हीएमएसवरच चाललं, गणपतीला कोकणात जायचं तिकीट खिडकीवर रांग लावून काढलं असेल तर पलीकडे हीच होती. (व्हीएमएसमध्ये फाईल सेव्ह केली की जुनी पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन नंबराची फाईल तयार होते, इतकी साधी सोय मला आजही रोज हवीशी वाटते.)

आता उत्तर. माझं म्हणणं एवढंच आहे की चाललं तरच ते सॉफ्टवेअर, नाहीतर ती नुसती टेप. आणि चालवणारे हात एका ठिकाणी असून भागत नाही, ते खूप जागी पसरलेले लागतात.

हार्डवेअरचं तर पेटीसारखं आहे, वाजवली नाही की बिघडते. पॉवर सप्लायमधले मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षं पडून राहिले की आतला थर झिजतो, अशा मशीनला एकदम करंट दिला तर ते फुटू शकतात, म्हणून जाणकार माणूस सप्लाय आधी बाहेर काढतो, डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) व्होल्टेज हळूहळू चढवत नेतो, प्रत्येक टप्प्याला थांबून मोजतो आणि मगच बोर्ड जोडतो. टेप ड्राईव्हच्या रबरी रोलरचा चिकट गोळा झालेला असतो, तो खरवडून नवा बसवायचा. आरके०५ डिस्क ड्राईव्हमध्ये चौदा इंची प्लॅटर, म्हणजे माहिती साठवणारी तबकडी, मावतात जेमतेम अडीच मेगाबाईट, आणि ती वाचणारं हेड त्या प्लॅटरवर हवेच्या इतक्या पातळ थरावर तरंगतं की फिल्टर खराब असेल तर धुळीचा एक कण पण हेड आपटायला पुरतो. हे सगळं मॅन्युअल वाचून अर्धंच कळतं, बाकीचं ज्यानं केलंय त्याच्याकडून शिकावं लागतं.

पण खरी मशीन घरात ठेवणं फार थोड्यांना जमतं, मला पण नाही. माझ्यासारखे बरेचजण सिमएच वापरतात, डेकमध्येच काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेला एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, तो रास्पबेरी पाय या छोट्याशा कंप्युटरवर पण चालतो. त्यावर १९७५ ची युनिक्सची सहावी आवृत्ती सुरू करून बघा. नुसतं @ चिन्ह येतं, तिथे युनिक्स असं टाईप करायचं की लॉगिन येतं. फोल्डर बदलायची आजची cd ही कमांड चालत नाही, chdir लिहावं लागतं, चुकलेलं अक्षर पुसायला # दाबायचं कारण समोर स्क्रीन नाही, कागदावर छापणारा टेलिटाईप आहे असं ती सिस्टिम धरून चालते. आणि अख्खं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दहा हजार ओळींच्या आत! एकटा माणूस नीट बसला तर पूर्ण वाचू शकतो. मी ते वाचलंय, आणि प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) म्हणजे काय हे मला खऱ्या अर्थानं तिथे समजलं.

कोणी म्हणेल म्युझियम आहेत की. आहेत, आणि मोलाचं काम करतात. पण अमेरिकेत सिएटलला मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल अॅलन यांचं लिव्हिंग कंप्युटर्स म्युझियम होतं, तिथल्या जुन्या मशीन खरोखर चालू असायच्या, घरबसल्या लॉगिन करता यायचं. अॅलन २०१८ ला वारले, म्युझियमचं दार २०२० मध्ये बंद झालं, २०२४ मध्ये ते कायमचं संपलं आणि काही मशीन लिलावात गेल्या. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. लायसन्सचं पण असंच, हौशी लोकांना व्हीएमएस फुकट मिळायची ती योजना बंद करत असल्याचं एचपीईनं (डेकची व्हीएमएस पुढे ज्यांच्याकडे आली ती कंपनी) २०२० मध्ये जाहीर केलं, नंतर व्हीएमएस सॉफ्टवेअर या कंपनीनं स्वतःची योजना काढली म्हणून निभावलं.

आणि गरज पडते तेव्हा लोक येतात पण याच मंडळींकडे. कॅनडात अणुवीज केंद्रातले रोबोट पीडीपी-११ वर चालतात आणि ते २०५० पर्यंत ठेवायचेत, तर त्यासाठी असेंब्ली, म्हणजे थेट त्या मशीनची भाषा, येणारी माणसं २०१३ मध्ये हौशी लोकांत शोधली गेली. २०२५ मध्ये युटा विद्यापीठात सामान आवरताना १९७३ च्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीची टेप मिळाली, सी मध्ये कर्नल लिहिलेली पहिली आवृत्ती, ती कुठेच पूर्ण उरलेली नव्हती. कॅलिफोर्नियाच्या कंप्युटर हिस्टरी म्युझियममध्ये टेपवरचा सिग्नल आधी जसाच्या तसा रेकॉर्ड केला, मग प्रोग्रॅमने त्यातले बिट वेगळे काढले, आणि काही दिवसांत लोकांनी ती सिमएचवर बूट पण केली. सिमएच कोणी जपलं नसतं तर ती टेप चालवणार कशावर?

म्हणून माझी तुम्हाला पण एक विनंती आहे. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या बीएआरसीत टीडीसी-१२ हा कंप्युटर तयार झाला, १९६९ ला, मग हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीनं टीडीसी मशीन बनवून देशभर दिल्या. तुमच्या घरात कोणी त्यावर, किंवा डेकच्या मशीनवर, काम केलेलं असेल तर माळा एकदा बघा. मॅन्युअल, पेपर टेप, प्रोग्रॅमचा प्रिंटआउट, काहीही निघालं तर रद्दीवाल्याला देऊ नका, टेप असेल तर ती स्वतः फिरवून बघू नका, कोरड्या जागी ठेवा, आणि ते वापरलेले काका-मावशी अजून आहेत तोवर मशीन कशी सुरू करायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्या.