कितीवरून किती?

"विज्ञानावर लिहायचंय, पण ओळखीत कुणीच लिहिणारं नाही. सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला वरचेवर येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून आधी माझा एक अनुभव सांगते.

मी नवखी असताना एका लेखात लिहिलं होतं, 'या औषधाने धोका ५० टक्क्यांनी वाढतो.' लेख एका ज्येष्ठ लेखिकेला वाचायला दिला. त्यांनी एवढंच विचारलं, "कितीवरून किती?" मला सांगता येईना, कारण मी प्रसिद्धिपत्रकावर भागवलं होतं. मग मूळ शोधनिबंध काढला. एरवी हजारात दोघांना होणारा त्रास औषध घेणाऱ्यांमध्ये हजारात तिघांना झाला होता. म्हणजे माझं वाक्य गणिताने बरोबर होतं, पण ते वाचून कुणी घाबरून चालू औषध बंद केलं असतं. आजही त्या विचाराने पोटात गोळा येतो.

म्हणून माझ्या मते, साधनांच्याही आधी असा प्रश्न विचारणारं माणूस हवं. अमेरिकेतली विज्ञानलेखकांची राष्ट्रीय संघटना १९३४ साली उभी राहिली तीही जेमतेम डझनभर बातमीदारांच्या पुढाकाराने. तुम्हाला तर दोघं-तिघं पुरेत. एकमेकांचे मसुदे वाचा.

साधनं पुष्कळ आहेत. 'द ओपन नोटबुक' या विज्ञानलेखनाविषयीच्या संकेतस्थळावर लेखक आपला लेख कसा घडला ते उलगडून सांगतात. संपादकांनी स्वीकारलेले लेखांचे प्रस्तावही तिथे जसेच्या तसे वाचायला मिळतात, आणि नवख्याला त्याहून उपयोगी काही मला माहीत नाही. 'अर्काइव्ह' (arXiv) या संकेतस्थळावर १९९१पासून शोधनिबंध फुकट मिळतात. मात्र तिथे आलेल्या निबंधाची तज्ज्ञांकडून तपासणी झालेली असेलच असं नाही, हे लिहिताना वाचकालाही सांगा. जुन्या निबंधाचा आधार घेण्याआधी तो मागे तर घेतला गेला नाही ना, हे 'रिट्रॅक्शन वॉच' या संकेतस्थळाच्या नोंदींत पाहा.

आणि त्या संशोधनात सहभागी नसलेल्या, पण त्याच विषयातल्या एका तरी शास्त्रज्ञाशी बोला. ओळख लागत नाही. नेमका प्रश्न असलेल्या चार ओळींच्या ईमेलला बरेच जण आपुलकीने उत्तर देतात.

मसुदा मित्राला देताना मात्र "कसा वाटला?" असं विचारू नका, "छान" एवढंच ऐकायला मिळतं. "कुठे अडलास?" असं विचारा.